आयपीव्ही६ चालू ठेवू की बंद करू? आणि हे सगळं नेमकं अडलंय कुठे?

वायरगुंता

मंडळी, घरी एक जुना संगणक सर्व्हर म्हणून चालू ठेवलाय, फोटोंचा बॅकअप आणि काही बारीकसारीक उद्योग. मध्यंतरी आमच्या इंटरनेटवाल्यांनी काहीही न कळवता सीजीनॅटमागे (अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) ढकललं. राऊटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून सर्व्हर लागत नाही. फोन केला तर "स्थिर पत्ता पाहिजे तर बिझनेस प्लॅन घ्या" एवढंच उत्तर. पण त्याच पानावर खाली आयपीव्ही६ (इंटरनेटची नवी, लांब पत्त्यांची पद्धत; जुनी ती व्ही४) नावाचा रकाना आहे आणि त्यात एक लांबलचक पत्ता आपणहून येऊन बसलाय.

आता गोची अशी की जिथे विचारावं तिथे सल्ला एकच. नेट स्लो आहे, व्ही६ बंद करा. गेम लागत नाही, व्ही६ बंद करा. प्रिंटर सापडत नाही, व्ही६ बंद करा. तर हे चालू ठेवावं का, आणि ठेवलं तर त्यातून माझा सर्व्हर बाहेरून दिसेल का, हा साधा प्रश्न.

आणि एक मत पण मांडून ठेवतो, झोडपायला मोकळे आहात. व्ही६ ची पहिली आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) डिसेंबर १९९५ ची. तेव्हापासून "पत्ते संपणार, आता बदलावंच लागेल" चाललंय. पत्ते संपले पण, आणि झालं काय? नॅट लावलं आणि गाडं चालू राहिलं, म्हणजे एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवली. मला वाटतं हे स्थित्यंतर कधी पुरं होणारच नाही.

वाचक_नुसता

वाचतोय. बुकमार्क म्हणून प्रतिसाद.

राऊटरवाला

"होणारच नाही" म्हणताय ते तुमच्या खिशात बहुतेक होऊन गेलंय. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या आणि अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर आयपी पत्ता बघा. लांबडा पत्ता आणि त्याच्यासोबत १९२.०.०.४ असं दिसलं तर तुमचा फोन निव्वळ व्ही६ वर चाललाय. ते १९२.०.०.४ फोनने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, जुन्या ॲप्सची समजूत घालायला. ॲपला वाटतं आपण व्ही४ वर बोलतोय, फोन ते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) व्ही६ करून पाठवतो, आणि कंपनीच्या टोकाला नॅट६४ नावाचं खोकं ते परत व्ही४ करून पुढे सोडतं. ह्या सगळ्या उलटापालटीला ४६४एक्सलॅट म्हणतात, २०१३ ची आरएफसी आहे.

गूगलकडे व्ही६ ने येणारे लोक २०१२ च्या सुरुवातीला एक टक्कासुद्धा नव्हते, आता निम्म्याच्या आसपास आहेत. एवढं झालं आणि कुणाला पत्ताच नाही (कोटी आपोआप झाली, ह.घ्या.).

तुमच्या सर्व्हरबद्दल : बंद करू नका, तोच तुमचा मार्ग आहे. सविस्तर रात्री लिहितो.

शून्यएक

रच्याकने, ४ नंतर थेट ६? मधला ५ कुणी ढापला?

टेलनेटतात्या

@शून्यएक, पाच हा आकडा इंटरनेट स्ट्रीम प्रोटोकॉलला गेला. आवाज आणि चित्र वाहून न्यायचा प्रयोग होता, त्याची दुसरी आवृत्ती १९९० ची. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला आवृत्तीचा चार बिटांचा रकाना असतो, तिथे त्यांनी ५ लिहायला सुरुवात केली होती. प्रयोग मागे पडला पण आकडा वापरला गेला तो गेलाच.

मूळ मुद्द्यावर येतो. असं स्थित्यंतर आधी एकदा धडाक्यात पार पडलेलं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अर्पानेटवर (इंटरनेटचा पूर्वज) आधी एनसीपी नावाचा प्रोटोकॉल होता. १९८१ साली आरएफसींचे संपादक जॉन पोस्टेल यांनी बदलाचा आराखडा लिहिला, आणि १ जानेवारी १९८३ ला एनसीपी बंद, टीसीपी/आयपी चालू. सरळ तारीख ठरवून. १९८२ मध्येच मधूनमधून काही काळ एनसीपी बंद करून दाखवलं होतं, म्हणजे जे लोक "बघू, अजून वेळ आहे" म्हणत बसले होते त्यांची झोप उडाली. "टीसीपीच्या बदलातून मी वाचलो" असे बिल्लेसुद्धा निघाले होते म्हणे.

पण तेव्हा जोडलेली यंत्रं काहीशे, आणि तारीख ठरवणारा एकच मालक. आज बंद करायची कळ कुणाच्याही हातात नाही. म्हणून आपल्याला बिल्लाही मिळणार नाही.

नेटकी

तात्या __/\__

माझा एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. पत्ते कमी पडत होते ना, मग जुन्याच पत्त्याच्या सुरुवातीला अजून दोन आकडे जोडायचे की. १९२.१६८.१.१ च्या जागी १.१.१९२.१६८.१.१. ज्याच्याकडे जुनं आहे त्याने पुढचे दोन शून्य धरावेत. संपला विषय. हे अख्खं नवीन कशाला काढलं?

शून्यएक

+१. हाच प्रश्न मला पण नेहमी पडतो. विचारायची लाज वाटायची.

बिटबाई

@नेटकी, प्रश्न बाळबोध नाही, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर एकदा नीट पाहिलं की परत पडत नाही.

व्ही४ च्या पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्याला ३२ बिटं आणि घेणाऱ्याच्या पत्त्याला ३२ बिटं अशी जागा कायमची आखलेली आहे, सप्टेंबर १९८१ पासून. तेरावा बाईट ते सोळावा बाईट पाठवणारा, सतरावा ते विसावा घेणारा. जगातलं प्रत्येक राऊटर, प्रत्येक कार्ड, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम तिथेच आणि तेवढंच वाचते. मोठ्या राऊटरमध्ये तर हे वाचण्याचं काम सॉफ्टवेअर करतच नाही, चिपमध्येच कोरलेलं असतं. आता तू दोन आकडे जोडलेस, म्हणजे १६ बिटं वाढवलीस. जुन्या यंत्राला ती दिसणार नाहीत. तुझा नवा पत्ता असलेला संगणक जुन्याला विनंती पाठवेल, पण जुना उत्तर कुणाला पाठवणार? त्याच्याकडे ते वरचे दोन आकडे लिहायला जागाच नाही. म्हणजे तू काहीही केलंस तरी जुनं यंत्र नव्याशी थेट बोलू शकत नाही, आणि सगळी यंत्रं बदलावी लागणारच. एकदा बदलायचंच आहे तर ४८ बिटं कशाला, १२८ घ्या, असा तो हिशोब.

व्ही४ मध्ये एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. व्ही६ मध्ये ३४ लिहून पुढे साधारण ३७ शून्यं.

नेटकी

ओह. "उत्तर कुणाला पाठवणार" इथे ट्यूब पेटली. धन्यवाद!

मुक्तपोर्ट

"नॅट लावलं आणि गाडं चालू राहिलं" हे वाक्य वाचून राहवलं नाही. गाडं कुणाचं चालू राहिलं? ज्यांचे सर्व्हर मोठ्या डेटा सेंटरमध्ये आहेत त्यांचं. तुमचं आमचं नाही. तुम्हीच धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की स्वतःचा सर्व्हर स्वतःलाच लागत नाही, आणि तिसऱ्या परिच्छेदात म्हणताय काही झालं नाही. हेच तर झालं ना! इंटरनेटची मूळ गंमत ही होती की जोडलेलं कुठलंही यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राशी बोलू शकतं, नॅटने त्याची पार वाट लावली. अख्ख्या इमारतीला एकच टपालपेटी आणि पहारेकरी सांगणार की तू आधी कुणाला पत्र पाठवलं असशील तरच त्याचं उत्तर तुला देईन, नवीन पत्र आलं तर फाडून टाकीन. त्यामुळे दोन माणसांना एकमेकांशी व्हिडिओवर बोलायचं तरी मध्ये तिसऱ्याचा सर्व्हर लागतो, निदान एकमेकांना शोधायला तरी, आणि दोन्हीकडचं नॅट हट्टी असेल तर सगळा आवाज आणि चित्र त्या तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येतं. घरातला कॅमेरा बघायचा तर कंपनीच्या क्लाउडमधून बघा, कंपनी बंद पडली की कॅमेरा भंगारात. ही सगळी नॅटची पिल्लं आहेत. आणि हे नॅट १९९४ च्या आरएफसीत स्वतःच "तात्पुरता उपाय" म्हणून आलं होतं!! तात्पुरता!!

शून्यएक

तात्पुरत्याइतकं टिकाऊ जगात काही नाही.

केबलकाका

@मुक्तपोर्ट, टपालपेटीचं उदाहरण ठीक आहे, पण पहारेकरी कुणी हौसेने ठेवलेला नाही हो. मी एका लहान इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो, आमची बाजू पण ऐका.

पत्त्यांचं जागतिक कोठार ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामं झालं. आशियाच्या नोंदणीकडे त्याच एप्रिलमध्ये शेवटचा तुकडा उरला, युरोपवाल्यांकडे २०१२ च्या सप्टेंबरात तीच गत, आणि नोव्हेंबर २०१९ ला तेही पूर्ण संपले. आमच्यासारखा उशिरा धंद्यात आलेला माणूस गेला तर हातावर एक चिमूट पत्ते ठेवतात. ग्राहक त्याच्या कितीतरी पट. मग एका पत्त्यामागे किती घरं कोंबायची हा हिशोब आम्हीच करतो. एका पत्त्याला पोर्ट (जोडण्या ओळखायचे क्रमांक) ६५,५३६. एक साधं पान उघडलं तर फोन पाच-पन्नास जोडण्या उघडतो. प्रत्येक घराला पोर्टचा एक ठोकळा वाटून द्यायचा, लहान दिला तर संध्याकाळी तक्रारी, मोठा दिला तर पत्ते पुरत नाहीत. त्या १००.६४ पासूनच्या पट्ट्यातले पत्ते २०१२ साली खास ह्याच कामासाठी काढून दिलेत, वायरगुंता यांना दिसतोय तो त्यातलाच.

आणि खरी डोकेदुखी नोंदींची. तपास यंत्रणेकडून पत्र येतं, "ह्या पत्त्यावरून अमुक वेळी अमुक झालं, ग्राहक कोण?" अहो, त्या पत्त्यामागे त्या क्षणी अनेक घरं होती. पोर्ट क्रमांक द्या म्हटलं तर समोरच्या साइटने पोर्ट नोंदवलेलाच नसतो. सर्व्हरवाल्यांनी पोर्टपण नोंदवावा अशी शिफारस २०११ पासून आहे, करतंय कोण?

म्हणजे व्ही६ आम्हाला नको आहे असं अजिबात नाही. जेवढी रहदारी व्ही६ वरून जाते तेवढा आमच्या सीजीनॅटच्या यंत्रावरचा भार कमी. मोठे व्हिडिओवाले बरेचसे व्ही६ वर आलेत, ते तर आमच्या पथ्यावरच पडलं.

मुक्तपोर्ट

@केबलकाका, मान्य. तुमच्यावर राग नाही, परिस्थितीवर आहे. पण मग तुम्ही लोक सीजीनॅट लावताना ग्राहकाला सांगत का नाही, आणि व्ही६ दिलं तर घराला एकच /६४ (एका नेटवर्कपुरता पत्त्यांचा गट) का देता? घरात पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायचं तर एका /६४ मध्ये होत नाही, आपोआप पत्ता मिळण्याची जी पद्धत आहे तिला प्रत्येक नेटवर्कला पूर्ण /६४ लागतो. /५६ द्या ना. २५६ नेटवर्कं होतील. तुमच्याकडे व्ही६ च्या पत्त्यांची काय टंचाई आहे का?

केबलकाका

आम्ही /५६ देतो. बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा :) टंचाईची सवय हाडीमाशी खिळलेली असते, तीस वर्षं पै-पै करून पत्ते वापरलेल्या माणसाला एका घराला एवढे पत्ते देताना हात कापतो. कळतं पण वळत नाही त्यातला प्रकार.

लॉगबुक

मी प्रोग्रामर आहे, आणि माझ्या मते हे अडलंय ते नेटवर्कवाल्यांकडे नाहीच, आमच्याकडे अडलंय. एका जुन्या सिस्टीमचं काम अंगावर आलं होतं, नाव सांगत नाही. सर्व्हरला व्ही६ दिलं, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) क्वाड-ए रेकॉर्ड (व्ही६ पत्त्याची नोंद) टाकलं, वाहवा. दुसऱ्या दिवशी काही लोकांना लॉगिनच होईना. कारण काय, तर लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या टेबलात आयपीचा रकाना १५ अक्षरांचा! व्ही४ चा सर्वात लांब पत्ता बरोबर १५ अक्षरांत बसतो, तीन-तीन आकडे आणि तीन टिंबं. व्ही६ चा पूर्ण लिहिला तर ३९. नोंद टाकताना डेटाबेस रडला आणि लॉगिनच रद्द. ते निस्तरलं तर पुढे पत्ता तपासणारी ओळ, जी टिंबांवर तोडून चार तुकडे मोजत होती. ते निस्तरलं तर यूआरएलमधून पोर्ट काढणारी ओळ, जी पहिल्या विसर्गचिन्हापाशी तोडायची, आणि व्ही६ चा पत्ता म्हणजे विसर्गचिन्हांची माळच. म्हणून तर यूआरएलमध्ये तो चौकटी कंसात लिहावा लागतो, [::१]:८०८० असा.

आणि शेवटचं भूत म्हणजे बंदी. त्रास देणाऱ्याचा पत्ता अडवायचा तर व्ही४ मध्ये एक पत्ता अडवला की झालं (सीजीनॅट असेल तर सोबत शंभर निरपराध पण अडकतात ते सोडा). व्ही६ मध्ये एक पत्ता अडवलात तर तो माणूस दुसऱ्या मिनिटाला दुसऱ्या पत्त्यावरून हजर, त्याच्याकडे एका /६४ मध्येच अब्जावधी अब्ज आहेत. अख्खा /६४ एक माणूस धरून मोजावं लागतं.

हे सगळं बदलायला वेळ मागितला तर साहेब विचारतात, "त्याने ग्राहकाला नवीन काय दिसणार?" काहीच नाही. बस, तिथे प्रकरण फायलीत.

टेलनेटतात्या

@लॉगबुक, शेवटची ओळ म्हणजे गेल्या तीस वर्षांचा इतिहास आहे. खर्च माझा आणि फायदा सगळ्यांचा, तोही उरलेले सगळे आल्यावर. पहिला येणारा व्ही४ बंद करू शकत नाही, त्याला दोन्ही चालवावी लागतात.

म्हणून काही ठिकाणी कान पिळावा लागला. ॲपलने १ जून २०१६ पासून निव्वळ व्ही६ च्या नेटवर्कवर न चालणारी ॲप्स दुकानात घेणार नाही असं जाहीर केलं, आणि आयपी पत्ते कोडमध्ये थेट लिहिणाऱ्या मंडळींनी मुकाट ते काढले. ॲमेझॉनच्या क्लाउडने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक व्ही४ पत्त्याला तासाचं भाडं लावलं. त्याआधी दिवाळखोर नॉर्टेलकडून मायक्रोसॉफ्टने २०११ साली ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला विकत घेतले होते, म्हणजे पत्ता ही फुकट मिळणारी नोंद न राहता मालमत्ता झाली तो तो काळ. साहेबाला बिट कळत नाहीत, बिल कळतं.

लॉगबुक

तात्या, हे वाक्य मी उद्याच्या मीटिंगमध्ये ढापतोय.

शून्यएक

मला एक शंका. २४० पासून पुढचे पत्ते राखीव ठेवलेत ना, ते का नाही सोडत? कोट्यवधी आहेत म्हणे.

राऊटरवाला

साधारण २६.८ कोटी. ऐकायला भरपूर, पण संपायच्या आधीच्या वर्षी जगाला महिन्याला १.६८ कोटींचा एकाहून जास्त ठोकळा लागत होता. म्हणजे वर्षभर तरी पुरले असते का शंकाच. आणि कित्येक जुन्या यंत्रांत "हे पत्ते अवैध" असं कोरलेलं आहे, तीही बदलावी लागतील. तेवढ्यात व्ही६ होईल.

वाचक_नुसता

मला व्ही६ नको वाटतं त्याचं कारण वेगळंच आहे. फोनवर आईला "एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट" सांगता येतं. हे "एफ ई आठ शून्य, विसर्ग विसर्ग, पुन्हा चार अक्षरं" कसं सांगायचं?

नेटकी

आज नुसते वाचक बोलले!! धागा सार्थकी लागला.

बिटबाई

@वाचक_नुसता, सांगायचंच नाही, नावं त्यासाठी आहेत. पत्ता पाठ करायची सवय हीच मुळात टंचाईच्या काळातली.

मला सुरक्षिततेबद्दल बोलायचंय, कारण "नॅट आहे म्हणून आपण सुरक्षित" हे कुणीतरी लिहिणारच होतं, मीच आधी लिहिते. नॅट म्हणजे फायरवॉल नाही. आत न मागता आलेलं अडवणं हे काम फायरवॉलचं, नॅटमध्ये ते ओघाने होतं एवढंच. व्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता असला तरी राऊटरमधली फायरवॉल आत येणारं अडवू शकते आणि बऱ्याच राऊटरांत ती तशीच आलेली असते. पण तपासून घ्या, गृहीत धरू नका.

खरा धोका दुसरीकडे आहे. लिनक्सवर जुन्या पद्धतीने आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम लिहिले असतील तर ते फक्त व्ही४ ला लागू. व्ही६ साठी आयपी६टेबल्स वेगळं. डेटाबेसचं पोर्ट व्ही४ वर कडेकोट बंद आणि व्ही६ वर सताड उघडं असले सर्व्हर मी ऑडिटमध्ये पाहिलेत, आणि मालक छातीठोकपणे सांगत असतो की बंद केलंय. तीच गत काही व्हीपीएनची, व्ही४ बोगद्यातून जातं आणि व्ही६ बाहेरून फिरायला.

पत्ते धुंडाळणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. झेडमॅप नावाचं साधन २०१३ मध्ये आलं तेव्हा एका यंत्रावरून सगळं व्ही४ चं जग ४५ मिनिटांच्या आत चाचपून होत होतं. व्ही६ चं एकच /६४ सेकंदाला दहा लाख पत्त्यांच्या वेगाने चाचपलंत तर सुमारे ५ लाख ८४ हजार वर्षं लागतील. म्हणून दार उघडं ठेवा असं नाही! पत्ते डीएनएसमधून आणि नोंदींमधून फुटतातच.

आणि सुरुवातीला पत्त्यात नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक (कार्डाची स्वतःची ओळख) मिसळलेला असायचा, म्हणजे तुम्ही कुठेही जा, मागचा अर्धा पत्ता तोच. तो आक्षेप रास्त होता. २००१ पासून त्यावर तात्पुरत्या पत्त्यांचा उपाय आहे, आता फोन आणि संगणक बाहेर जाताना साधारण रोज नवा पत्ता वापरतात.

मुक्तपोर्ट

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

वायरगुंता

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पण "व्ही६ बंद केलं की नेट फास्ट होतं" हे इतके लोक म्हणतात ते सगळे काय खोटं बोलतात का? माझ्याकडेच एक-दोन साइट अर्धवट उघडून अडकतात, व्ही६ बंद केलं की झटकन उघडतात.

राऊटरवाला

खोटं बोलत नाहीत. पण रोग वेगळा आणि औषध वेगळं.

"अर्धवट उघडून अडकतात" म्हणालात ना, हे लक्षण जवळजवळ नेहमी एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं, असतं. व्ही४ मध्ये पॅकेट मोठं झालं तर मधलं राऊटर त्याचे तुकडे करू शकायचं. व्ही६ मध्ये मधला कुणी तुकडे करत नाही, तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला "पॅकेट फार मोठं आहे" असा आयसीएमपीव्ही६ चा निरोप धाडतो. पाठवणारा मग लहान पॅकेट पाठवतो. सुंदर. पण कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं की "आयसीएमपी म्हणजे पिंग, पिंग म्हणजे हल्लेखोर, सरसकट अडवा". तो निरोप वाटेतच मरतो. मग काय होतं बघा, सुरुवातीची हस्तांदोलनाची पॅकेटं लहान असतात, ती जातात. साइट "जोडली गेली" असं दिसतं. मोठा मजकूर यायला लागला की पॅकेट मोठं, ते गायब, पाठवणारा तेच परत पाठवतोय, परत गायब. तुम्ही गोल फिरणारं चाक बघत बसता. तुमची लाइन पीपीपीओई ची (लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर तिची मर्यादा १५०० बाईट नसून १४९२ असते, तिथे हे हमखास. राऊटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग नावाचा (पॅकेटं आधीच लहान ठेवायला लावणारा) पर्याय शोधा, व्ही६ साठी चालू करा. आणि आयसीएमपीव्ही६ अडवलं असेल तर मोकळं करा, व्ही६ मध्ये शेजारचं यंत्र शोधणं, राऊटर शोधणं सगळं त्याच्यावरच चालतं.

गंमत अशी की हा दोष बऱ्याचदा लपून राहतो, कारण ब्राउझर हॅपी आयबॉल्स नावाची युक्ती वापरतात. आधी व्ही६ ने जोडून बघायचं, पाव सेकंदात उत्तर नाही तर व्ही४ पण सुरू करायचं, जे आधी लागेल ते. युक्ती उत्तम, तिच्याशिवाय लोकांनी व्ही६ फेकून दिलं असतं. पण त्यामुळे कित्येक ठिकाणी व्ही६ महिनोन्महिने मेलेलं असतं आणि कुणाला कळत नाही. आणि तुमच्यासारखं जोडणी होऊन मग अडकणारं असेल तर ह्या युक्तीला ते दिसतच नाही.

केबलकाका

@राऊटरवाला, शंभर टक्के. आमच्याकडे व्ही६ तुटलं तर एक तक्रार येत नाही, व्ही४ पाच मिनिटं गेलं तर फोन खणखणतात. देखरेख दोन्हींची वेगळी ठेवावी लागते, नियम दोनदा लिहायचे, बिघाड दोनदा शोधायचे. ड्युअल स्टॅक (दोन्ही सोबत चालवणं) म्हणजे काम डबल आणि माणसं तेवढीच. म्हणून आता मोठ्यांचा कल आत निव्वळ व्ही६ ठेवायचं आणि व्ही४ फक्त कडेला भाषांतर करून द्यायचं असा आहे, मला ते पटतं. दोन दगडांवर पाय ठेवून किती वर्षं उभं राहायचं.

शून्यएक

८ जून २०११ ला सगळ्या मोठ्या साइट्सनी एक दिवस व्ही६ चालू करून बघितलं होतं ना? तेव्हा जग बुडणार असं वाचलं होतं.

टेलनेटतात्या

हो, चोवीस तास, गूगल, फेसबुक, याहू वगैरे. बुडालं नाही. पुढच्या वर्षी ६ जूनला कायमचं चालू केलं, तेव्हाही नाही.

वायरगुंता

अपडेट. एमएसएस क्लॅम्पिंग चालू केलं, त्या अडकणाऱ्या साइट्स उघडायला लागल्या. राऊटरवाला यांना दंडवत.

सर्व्हरचं पण जमलं. राऊटरमध्ये व्ही६ फायरवॉलचं वेगळं पान होतं, तिथे सर्व्हरच्या पत्त्याला एकच पोर्ट मोकळं केलं, फॉरवर्डिंग वगैरे काही नाही. सर्व्हरवर दोन-तीन पत्ते दिसत होते, त्यातला रोज बदलणारा सोडून कायमचा घेतला. डीएनएसमध्ये क्वाड-ए टाकलं. मोबाईल डेटावरून लगेच लागला! मात्र ऑफिसमधून लागत नाही, तिथे बहुतेक निव्वळ व्ही४ आहे. आणि काल रात्री राऊटर रिस्टार्ट झाला तर पत्त्याचा पुढचा अर्धा भागच बदलला, आता कुठूनच लागत नाही :(

माझं मत बदललं का? थोडं. "होणारच नाही" मागे घेतो, "पुरं होणार नाही" वर ठाम.

बिटबाई

ऑफिससाठी दोन मार्ग. एक, बाहेर एखादा स्वस्तातला सर्व्हर भाड्याने घ्या ज्याला दोन्ही पत्ते आहेत, तो व्ही४ ने घेईल आणि व्ही६ ने तुमच्या घरी पाठवेल. दोन, ऑफिसच्या नेटवर्कवाल्यांना व्ही६ मागा, आणि उत्तर आलं की इथे चिकटवा, आम्हालाही करमणूक हवी.

पुढचा भाग बदलला त्याला प्रीफिक्स बदलणं म्हणतात आणि ते इंटरनेटवाल्यांच्या हातात आहे. मागचा अर्धा भाग बऱ्याचदा तोच राहतो. डायनॅमिक डीएनएसची छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवरच चालवा, पत्ता बदलला की तीच नोंद बदलेल. फायरवॉलच्या नियमात पूर्ण पत्त्याऐवजी फक्त मागचा भाग देता येतो का बघा, काही राऊटरांत येतो.

मुक्तपोर्ट

@केबलकाका, बघा! २५६ नेटवर्कं देता ते ठीक, पण प्रत्येक रिस्टार्टला प्रीफिक्स का बदलता? राइपच्या (युरोपची पत्ते-नोंदणी) २०१७ च्या शिफारशीत स्पष्ट लिहिलंय की बदलता प्रीफिक्स देऊ नका.

केबलकाका

अहो ते वायरगुंता आमचे ग्राहक नाहीत :)) पण मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे बदलत नाही, कारण बदलला की प्रत्येक बदलाची नोंद ठेवा, आणि ग्राहकाच्या फोनवर जुना पत्ता तसाच लटकून राहिला की पुन्हा "नेट चालत नाही" म्हणून फोन. कायमचा दिला की कुणाला कुठला हे एकदाच लिहायचं. पण जिथे "स्थिर पत्ता" हा विकायचा माल आहे तिथे तो फुकट कोण देईल?

वायरगुंता

स्क्रिप्ट लावतोय. ऑफिसला मेल टाकला, उत्तर आलं, "सुरक्षेच्या कारणास्तव आयपीव्ही६ बंद ठेवण्यात आले आहे."

बिटबाई

हाहा. विचारा, विंडोज संगणकांवर पण बंद केलंय का फक्त राऊटरवर. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ते आपोआप चालू असतं. नेटवर्कवर कुणीही "मीच व्ही६ चा राऊटर" अशी घोषणा केली की सगळे संगणक त्याच्यावर विश्वास ठेवतात. ते अडवायची सोय स्विचवर केलेली नसेल तर "बंद ठेवण्यात आले आहे" ला काही अर्थ नाही.

शून्यएक

मी घरी निव्वळ व्ही६ करून बघायचं म्हणतोय. आरएफसी ८९२५ मध्ये डीएचसीपीचा (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) एक पर्याय आहे, १०८ नंबरचा, फोनला सांगता येतं की तुला व्ही४ नसलं तरी चालेल. पण टीव्ही आणि प्रिंटरचं काय होतं कुणी केलंय का?

राऊटरवाला

ज्याला १०८ कळत नाही त्याला व्ही४ मिळत राहतं, त्यामुळे टीव्ही आणि प्रिंटर जिवंत राहतील. पण नॅट६४ तुम्हाला घरीच उभारावं लागेल. वेगळा धागा काढा, इथे आधीच खूप गर्दी झालीये.